मुळं खत फुकट उचलत नाहीत, हे दाखवून देणारा डेनिस होगलँड

सलग आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला की शेतात एक गोष्ट हमखास दिसते. सोयाबीन असो, कापूस असो, तूर असो की मका, पानं पिवळी पडायला लागतात. जमिनीत ओल भरपूर असते. खताचा हप्ताही नुकताच दिलेला असतो. म्हणजे प्यायला पाणी आहे, खायला अन्न आहे आणि तरी पीक उपाशी.

अशा वेळी जुनी जाणती माणसं नवीन खताची गोणी फोडायला धावत नाहीत. आधी पाणी काढून द्यायचं आणि वाफसा येण्याची वाट बघायची, हे त्यांना ठाऊक असतं. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही असण्याची अवस्था.

पण मुळाला हवा कशाला लागते? खत पाण्यात विरघळलेलं आहे, ते पाणी मुळाला लागूनच आहे. मग दिव्याची वात तेल ओढते तसं मुळाने ते ओढून घ्यायला काय हरकत आहे?

हरकत ही आहे की मूळ म्हणजे वात नाही. मातीतला पोटॅशियमचा किंवा नायट्रेटचा कण आत घेण्यासाठी मुळाला ऊर्जा खर्च करावी लागते. ती ऊर्जा मिळवण्यासाठी पानांनी बनवलेली साखर जाळावी लागते. आणि साखर नीट जाळायची तर ऑक्सिजन हवा. शिवाय एकदा आत घेतलेलं अन्न आत टिकवून ठेवायलाही खर्च येतोच.

हे आज शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटपतं. पण शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट अजून सिद्ध व्हायची होती. ती प्रयोग करून पक्की करणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव होतं कॅलिफोर्नियातल्या एका रसायनशास्त्रज्ञाचं, डेनिस रॉबर्ट होगलँड.

तुम्ही कृषी महाविद्यालयात शिकला असाल किंवा हायड्रोपोनिक्सचे व्हिडीओ बघत असाल, तर होगलँड सोल्युशन हे नाव कानावरून गेलं असेल. मातीशिवाय रोपं वाढवायचं ते द्रावण जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये आजही बनतं. पण होगलँड यांचं सर्वात मोठं काम ते द्रावण नव्हतंच.

आधी प्राण्यांचं पोषण, मग झाडांचं

होगलँड यांचा जन्म २ एप्रिल १८८४ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावी झाला. १९०७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. वनस्पतींशी तेव्हा त्यांचा फारसा संबंध नव्हता. १९०८ मध्ये ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लागले, तेही प्राण्यांच्या पोषणाच्या प्रयोगशाळेत. मधली काही वर्षं त्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यात काढली.

१९१२ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅककॉलम यांच्याकडे शिकायला गेले. हे मॅककॉलम म्हणजे पुढे अ जीवनसत्त्वाच्या शोधासाठी ओळखले गेलेले शास्त्रज्ञ. अन्नातल्या कुठल्या घटकाशिवाय उंदरांची वाढ खुंटते, याचा शोध तिथे चालला होता. एक घटक काढून घ्यायचा, काय बिघडतं ते पाहायचं, परत द्यायचा, सुधारतं का ते पाहायचं. होगलँड या शिस्तीत तयार झाले. १९१३ मध्ये त्यांनी तिथून पदव्युत्तर पदवी घेतली, बर्कलेला परतले आणि मग आयुष्यभर तिथेच राहिले.

त्या काळात झाडांच्या पोषणाबद्दल बरंच कळलेलं होतं. झाड मातीतून खनिजं घेतं हे जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० पासून ठासून मांडलं होतं. १८६० च्या दशकात युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली होती. म्हणजे झाड काय खातं याची बरीचशी यादी तयार होती.

कसं खातं, हे मात्र धूसर होतं. सरळ साधा समज असा होता की पानांतून पाण्याची वाफ होते, त्यामुळे मुळांकडून पाणी वर ओढलं जातं आणि त्यात विरघळलेले क्षार आपोआप सोबत येतात. दुसरा समज पसरण्याचा. पाण्यात निळीचा थेंब टाकला की तो जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पसरतो, तसेच क्षार बाहेरून आत जात असतील. दोन्ही समजांमध्ये मूळ स्वतः काहीच करत नाही. जे होतं ते त्याच्या बाबतीत होतं.

महायुद्ध, पोटॅश आणि समुद्रातलं शेवाळ

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपुढे एक वेगळंच संकट उभं राहिलं. पोटॅश, म्हणजे आपण ज्याला पालाश म्हणतो ते खत, तेव्हा जवळपास सगळं जर्मनीतल्या खाणींमधून यायचं. युद्धामुळे ती आवक तुटली. भाव कडाडले.

पर्याय शोधताना अमेरिकेचं लक्ष पॅसिफिक किनाऱ्याकडे गेलं. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात केल्प नावाचं राक्षसी आकाराचं तपकिरी शेवाळ वाढतं. त्याच्या राखेत भरपूर पोटॅश असतं. मग काय, बोटी लावून केल्प कापायचं, वाळवायचं, जाळायचं आणि पोटॅश काढायचं, असा उद्योगच उभा राहिला. या केल्पमध्ये रासायनिकदृष्ट्या काय काय आहे हे तपासायच्या कामात तरुण होगलँडही होते. १९१५ मध्ये त्यांनी पॅसिफिकच्या केल्पमधल्या घटकांवर संशोधन प्रसिद्ध केलं.

हे काम करता करता एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियम असतं साधारण ०.४ ग्रॅम. सोडियम असतं जवळपास ११ ग्रॅम. म्हणजे सोडियम पंचवीस पटींहून जास्त. नुसतं पाणी आत शिरत असतं, तर शेवाळात सोडियमचा ढीग आणि पोटॅशियम चिमूटभर, असं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात केल्पने पोटॅशियम निवडून साठवलेलं होतं, समुद्रात असतं त्याच्या कितीतरी पटींनी. आयोडीन तर समुद्रात नावापुरतं असतं, तेही केल्पने गोळा करून ठेवलेलं होतं.

निळीचा थेंब कधी पाण्यात पसरल्यावर स्वतःहून परत एका जागी गोळा होतो का? नाही होत. उतारावरचं पाणी स्वतःहून चढावर जात नाही. ते चढलं असेल, तर कुठेतरी पंप चालू आहे आणि पंपाला कुठून तरी वीज येते आहे.

युद्ध संपलं. स्वस्त जर्मन पोटॅश परत यायला लागलं आणि केल्पचा उद्योग बसला. होगलँड यांना पडलेला प्रश्न मात्र त्यांनी पुढची पंचवीस वर्षं सोडला नाही.

एका पेशीचा रस

पंप शोधायचा तर पेशीच्या आत किती क्षार आहेत हे मोजता यायला हवं. झाडाच्या मुळाची पेशी डोळ्यांना दिसतही नाही, तिच्यातला रस काढायचा कसा?

इथे गोड्या पाण्यातली एक वनस्पती कामाला आली, नायटेला. तिची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असते. पेशी कापून तिच्यातला रस चक्क थेंबाथेंबाने गोळा करता येतो.

१९२३ मध्ये होगलँड आणि त्यांचे सहकारी ए. आर. डेव्हिस यांनी या रसाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. नायटेला ज्या पाण्यात वाढली होती त्या पाण्यात क्षार अगदी थोडे होते. पेशीतल्या रसात पोटॅशियम आणि क्लोराईड त्याच्या कितीतरी पट जास्त होतं. म्हणजे केल्पमध्ये दिसलं तेच इथेही, आणि आता एकेका पेशीच्या पातळीवर.

पुढचा प्रयोग आणखी नेमका होता. क्लोराईड पेशीत आधीच असतं, त्यामुळे नवीन किती आलं हे कळणं अवघड. म्हणून त्यांनी बाहेरच्या पाण्यात ब्रोमाईड घातलं. ते क्लोराईडचंच भावंड, पण पेशीत आधीपासून नसतं. आत जे सापडेल ते नव्याने आलेलं, असा हिशोब सोपा झाला. मग काही पेशी उजेडात ठेवल्या, काही अंधारात. उजेडातल्या पेशींनी ब्रोमाईड भराभर साठवलं. अंधारातल्यांनी नाममात्र. थंडीतही वेग मंदावला. हे निष्कर्ष १९२६ मध्ये आले.

याचा अर्थ विचार करण्यासारखा होता. नायटेला हिरवी आहे, तिला ऊर्जा उजेडातून मिळते. उजेड बंद केला तर क्षार उचलायचं कामही थंडावतं. होगलँड यांनी अंदाज बांधला की क्षार आत घेणं हे जिवंत पेशीचं ऊर्जा खर्चून केलेलं काम आहे.

पण टीकाकाराला अजून जागा होती. नायटेला हे पाण्यातलं हिरवं शेवाळासारखं प्रकरण. शेतातल्या पिकाचं मूळ जमिनीखाली, काळोखात. त्याला उजेड कुठला? तिथे हा नियम लागू होतो कशावरून?

तुटलेली मुळं आणि हवेचे बुडबुडे

या प्रश्नावर काम चालू असतानाच होगलँड यांच्या घरावर आघात झाला. १९२० मध्ये त्यांचं जेसी स्मायली यांच्याशी लग्न झालं होतं. १९३३ मध्ये न्यूमोनियाने जेसी अचानक गेल्या. मागे तीन लहान मुलगे. होगलँड तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. मुलांना वाढवणं आणि प्रयोगशाळा चालवणं, दोन्ही आता त्यांच्यावर होतं. त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन यानंतरच्या वर्षांतलं आहे.

१९३६ मध्ये त्यांनी टी. सी. ब्रॉयर यांच्यासोबत सातूच्या, म्हणजे बार्लीच्या मुळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाची रचना इतकी साधी होती की शाळेतल्या मुलालाही कळावी.

आधी सातूची रोपं मुद्दाम अगदी कमी क्षारांच्या पाण्यात वाढवली. त्यामुळे मुळांमध्ये पानांकडून आलेली साखर भरपूर, पण क्षार कमी. म्हणजे इंधनाची टाकी भरलेली आणि कोठार रिकामं. मग ती मुळं रोपापासून कापून वेगळी केली. आता वर पानं नाहीत, पानांतून पाण्याची वाफ नाही, पाणी वर ओढणारं कुणीच नाही. मूळ जर नुसती वात असेल, तर या तुटलेल्या मुळांनी फारसं काही उचलायला नको.

ही मुळं क्षारांच्या द्रावणात ठेवली. एका भांड्यात हवेचे बुडबुडे सोडले, दुसऱ्यात ऑक्सिजन पोचू दिला नाही.

हवा मिळालेल्या मुळांनी काही तासांतच पोटॅशियमसारखे क्षार भराभर आत ओढले, आतलं प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट होईपर्यंत. ऑक्सिजन नसलेल्या मुळांचं काम जवळपास ठप्प झालं. द्रावण तेच, मुळं तीच, क्षार तेवढेच. फरक फक्त श्वासाचा. द्रावण थंड केलं तरी काम थंडावायचं. आणि क्षार आत येत असताना मुळांमधली साखर खर्च होत होती.

वातीची गोष्ट इथे संपली. पाण्याचा ओढा नसतानाही मूळ क्षार उचलतं, आणि ऑक्सिजन काढून घेतला की हातातलं काम टाकतं. मुळांचा श्वास आणि क्षारांचं शोषण यांचा संबंध त्याच काळात स्वीडनमध्ये हेन्रिक लुंडेगार्डही तपासत होते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधून येणारे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

पंप नेमका आहे कुठे?

होगलँड यांच्या हयातीत हा पंप कुणी पाहिला नव्हता. तो पुढच्या काही दशकांत उलगडत गेला. आज जे चित्र आपल्यासमोर आहे ते थोडक्यात असं.

मुळाच्या पेशीला एक पातळ पटल असतं. त्या पटलात प्रथिनांचे छोटे पंप बसवलेले असतात. साखर जाळून पेशी एटीपी नावाचं ऊर्जेचं चलन बनवते. हे चलन मोडून पंप हायड्रोजनचे धनभारित कण पेशीबाहेर फेकतो. धनभार बाहेर गेला की पेशीची आतली बाजू ऋण होते, साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टने. म्हणजे प्रत्येक पेशी ही चार्ज केलेली बॅटरीच.

पोटॅशियमचा कण धनभारित असतो, तो या ऋणभाराकडे खेचला जातो. नायट्रेट ऋणभारित, त्याला आतली बाजू ढकलून लावते. म्हणून ते बाहेर फेकलेल्या हायड्रोजन कणांसोबत जोडीने आत येतं. फॉस्फेटचंही तसंच. मातीच्या पाण्यात फॉस्फेट इतकं विरळ असतं की पेशीतलं प्रमाण त्याच्या हजार पटींहूनही जास्त असू शकतं. एवढा चढ चढायचा तर खर्च येणारच.

हा खर्च लहान नाही. झाड दिवसभरात जेवढी साखर बनवतं, तिचा साधारण एक दशांश ते अगदी निम्मा हिस्सा मुळांच्या श्वसनात जाऊ शकतो. वनस्पती कोणती आणि परिस्थिती कशी, यावर तो आकडा ठरतो. मुळांची वाढ, मुळांची देखभाल आणि खनिजं उचलणं ही तिन्ही कामं त्यातूनच भागतात.

आता टिकवून ठेवण्याचं. पेशीचं पटल म्हणजे काही लोखंडी पिंप नाही. आत जास्त आणि बाहेर कमी अशी स्थिती असली की कण बाहेर पाझरायला बघतात. पंप चालू आहे तोवर पेशीची बॅटरी भरलेली राहते आणि पोटॅशियम आत धरून ठेवलं जातं. पंप थांबला की बॅटरी उतरते आणि कष्टाने आत आणलेलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं. टाकीला बारीक भोक असलं की मोटर अधूनमधून चालू करावीच लागते, तसा हा प्रकार. म्हणजे मुळाचं विजेचं बिल खत उचलतानाच येतं असं नाही, ते दर मिनिटाला चालू असतं.

आता पाणी साचलेलं शेत परत डोळ्यासमोर आणा. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. मातीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांभोवतीचा ऑक्सिजन लवकरच संपतो. ऑक्सिजनसह साखरेचा एक रेणू जाळला तर पेशीला तीसच्या आसपास एटीपी मिळतात. ऑक्सिजनशिवाय मिळतात फक्त दोन. पंप मंदावतात. नवीन अन्न आत येत नाही, जुनं बाहेर गळतं. पान पिवळं पडतं ते यामुळेही. भाताचं बरं चालतं, कारण त्याच्या खोडापासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. तो पाण्यात उभा असतो, पण वरून श्वास घेतो.

चमत्काराचा दावा आणि त्याची तपासणी

होगलँड यांचं नाव ज्या द्रावणामुळे सगळीकडे पोचलं, त्याची गोष्ट जरा मजेशीर आहे.

बर्कलेमध्येच विल्यम गेरिकी नावाचे शास्त्रज्ञ होते. १९२९ पासून ते मातीशिवाय, क्षारांच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये पिकं घेण्याचा प्रचार करत होते. त्यांनी वाढवलेले टोमॅटोचे वेल पंचवीस फुटांपर्यंत गेले. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. हायड्रोपोनिक्स हा शब्द त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केला. आता शेतीला मातीची गरज नाही, थोड्या जागेत अफाट पीक येणार, अशा चर्चा सुरू झाल्या. लोक विद्यापीठाकडे चौकशा करू लागले. विद्यापीठाने हे दावे तपासायचं काम होगलँड आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल अर्नॉन यांच्याकडे दिलं.

इथे होगलँड यांच्यापुढे दोन रस्ते होते. पाण्यात रोपं वाढवण्यात ते स्वतः तरबेज होते. वीस-पंचवीस वर्षं ते हेच करत होते, फक्त पीक विकायला नाही तर मुळांचं काम समजून घ्यायला. लाटेवर स्वार होणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. टोमॅटो चांगल्या मातीत, वाळूत आणि पाण्यात शेजारी शेजारी वाढवून तुलना केली. उत्तर आलं की तिन्हीकडे काळजी सारखी घेतली तर उत्पादनात डोळ्यात भरण्यासारखा फरक नाही. पाण्यात जादू नाही. उजेड, तापमान आणि झाडाची स्वतःची कुवत या मर्यादा मातीत असतात तशाच पाण्यातही असतात.

१९३८ मध्ये त्यांनी हे सगळं एका छोट्या पुस्तिकेत छापलं. त्यात द्रावण कसं करायचं तेही उघडपणे दिलं. पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, आणि लोह, बोरॉन, मँगेनीज, जस्त, तांबं यांसारखी सूक्ष्म द्रव्यं. कुणीही वाचावं आणि करून बघावं. द्रावणात हवा सोडत राहणं का गरजेचं आहे, हेही त्यात होतं. सातूच्या मुळांनी तो धडा आधीच शिकवला होता.

दैव कसं बघा. मातीशिवायच्या शेतीचं अवास्तव कौतुक होऊ नये म्हणून लिहिलेली ही पुस्तिका पुढे त्याच शेतीची हाताशी ठेवायची पोथी बनली. आज घराच्या गच्चीत पाइपला भोकं पाडून पालक लावणारा माणूस जो एअर पंप विकत घेतो, त्यामागेही हाच धडा आहे.

जस्ताचा शोध आणि किरणोत्सारी पोटॅशियम

त्याच दशकात होगलँड आणखी एका कोड्यात गुंतले. कॅलिफोर्नियातल्या फळबागांमध्ये झाडांची पानं बारीक राहायची, फांद्यांच्या टोकाला गुच्छ व्हायचा, फळ धरायचं नाही. विल्यम चँडलर आणि पी. एल. हिबार्ड यांच्यासोबत त्यांनी या रोगाचा पाठपुरावा केला. लोहाच्या क्षाराने काही झाडं सुधारली, म्हणून आधी लोहाची कमतरता असावी असं वाटलं. पण शुद्ध लोहक्षार दिला तर गुण येईना. सुधारणा होत होती ती त्या क्षारात अशुद्धी म्हणून असलेल्या जस्तामुळे. जस्त दिलं आणि बागा हिरव्या झाल्या. आपल्याकडे झिंक सल्फेटची पिशवी आता सगळीकडे मिळते, पण जस्ताअभावी बागाच्या बागा वाळू शकतात हे शेतकऱ्याला पटवून देणारी ही कामगिरी होती.

बर्कलेमध्ये तेव्हा अर्नेस्ट लॉरेन्स यांचा सायक्लोट्रॉन चालू होता. त्यातून किरणोत्सारी मूलद्रव्यं मिळू लागली. होगलँड यांनी त्यातली संधी लगेच ओळखली. किरणोत्सारी पोटॅशियमचं अर्ध आयुष्य जेमतेम बारा तासांचं, त्यामुळे प्रयोग घाईने उरकावा लागायचा. १९३९ मध्ये पेरी स्टाउट यांच्यासोबत त्यांनी झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद सरकवून दोन्ही वेगळे केले आणि मुळांनी घेतलेले क्षार वर कुठून जातात ते मोजलं. ते लाकडातून वर चढत होते. मुळाने पैसे मोजून आत घेतलेला माल पानांपर्यंत कोणत्या रस्त्याने पोचतो, त्याचा हा थेट माग होता.

शेवट

१९२९ मध्ये त्यांना वनस्पतीशास्त्रातला स्टीफन हेल्स पुरस्कार मिळाला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. १९४४ मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणावरची त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी ती अनेक वर्षं वाचली. ५ सप्टेंबर १९४९ रोजी ओकलंड इथे, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९५० मध्ये अर्नॉन यांनी ती द्रावणाची पुस्तिका सुधारून पुन्हा काढली. संशोधनात आज सर्वात जास्त उल्लेख होतो तो याच आवृत्तीचा.

एका रसायनशास्त्रज्ञाने समुद्राच्या शेवाळात काहीतरी विचित्र पाहिलं, आणि त्यातून आपल्याला कळलं की जमिनीखालचं मूळ हे कष्टकरी आहे. त्याला मजुरी साखरेत द्यावी लागते आणि काम करायला मोकळा श्वास लागतो.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात पीक पिवळं दिसलं तर खताच्या दुकानाकडे निघण्याआधी एकदा माती हातात घेऊन बघा. पाणी साचलं असेल तर चर काढा, वाफसा येऊ द्या, मग हलकी कोळपणी करा. तोवर गरज असेल तर विद्राव्य खताची पानांवर फवारणी करायचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, कारण तेवढ्यापुरतं तरी मुळांना वगळून अन्न आत जातं. गुदमरलेल्या मुळापाशी टाकलेली गोणी बहुतेक वेळा पाण्यासोबत वाहून जाते, आणि तिच्याबरोबर तुमचे पैसेही.